नेटवर्क सायन्स आणि गणितातले पेपर, सायटेशन, एच-इंडेक्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आलेख सिद्धांत (शिरोबिंदू म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या कडा यांचं गणित), यादृच्छिक आलेख आणि नेटवर्क सायन्स या विषयांत पीएचडी करणारे विद्यार्थी आणि महाविद्यालयांत शिकवता शिकवता संशोधन करणारे प्राध्यापक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. ज्याचं उत्तर दुसरीकडे दिलं आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. सायटेशन म्हणजे नेमकं काय, आणि ते मोजतं कोण?

दुसऱ्या कुणाच्या पेपरच्या संदर्भयादीत तुमचा पेपर आला की तुम्हाला एक सायटेशन मिळालं. मजकुरात तुमचा उल्लेख पाच वेळा आला तरी ते एकच. मजकुरात नाव आहे पण संदर्भयादीत पेपर नाही, तर शून्य. मोजणी मुख्यतः सॉफ्टवेअर करतं: संदर्भयादीतली नोंद वाचायची, ती कोणत्या पेपरची हे ओळखायचं आणि दोन्ही जोडायचे. वर्ष किंवा पान क्रमांक चुकला, आडनावाचं स्पेलिंग बदललं की ही जोडणी तुटते. खालच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ इथेच आहे.

संदर्भयाद्या पद्धतशीर जोडण्याची कल्पना युजीन गारफील्ड यांनी १९५५मध्ये मांडली आणि १९६४मध्ये सायन्स सायटेशन इंडेक्स सुरू झाला. आजचा वेब ऑफ सायन्स त्याचाच पुढचा अवतार. पुढच्याच वर्षी, १९६५मध्ये, डेरेक डी सोला प्राइस यांनी पेपर म्हणजे शिरोबिंदू आणि सायटेशन म्हणजे दिशा असलेली कडा अशा नजरेने या साऱ्याकडे पाहिलं. म्हणजे नेटवर्क सायन्सच्या संशोधकाची सायटेशन नोंद हा त्याच्या विषयाचाच एक नमुना असतो.

२. एच-इंडेक्स हाताने कसा काढायचा?

पेपर सायटेशनच्या उतरत्या क्रमाने मांडा आणि वरून मोजत या. ज्या शेवटच्या क्रमांकाच्या पेपरला त्या क्रमांकाइतकी तरी सायटेशन आहेत, तो क्रमांक म्हणजे एच-इंडेक्स. समजा नऊ पेपर आहेत आणि त्यांची सायटेशन ८४, ४१, २३, १२, ९, ७, ६, ३ आणि ० अशी आहेत. सहाव्याला ७ आहेत, म्हणजे पुरेशी. सातव्याला ६ आहेत, एक कमी पडतं. एच-इंडेक्स ६. सातव्या पेपरला आणखी एक सायटेशन मिळालं की तो ७ होईल. पहिल्याला आणखी हजार मिळाली तरी ६च राहील.

ही मोजपट्टी जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५मध्ये सुचवली. गणिताच्या माणसाला ती ओळखीची वाटावी: सायटेशनची उतरती यादी म्हणजे एका पूर्णांकाचं विभाजन, आणि एच-इंडेक्स म्हणजे त्याच्या फेरर्स आकृतीत (प्रत्येक संख्येइतके ठिपके एकेका ओळीत मांडून होणाऱ्या आकृतीत) डावीकडच्या वरच्या कोपऱ्यात बसणारा सर्वांत मोठा चौरस, म्हणजेच ड्युरफी चौरस. या ओळखीचा आधार घेऊन अलेक्झांडर योंग यांनी २०१४मध्ये दाखवलं की एकूण सायटेशनच्या वर्गमुळाला ०.५४ने गुणलं की एच-इंडेक्सचा ठोकळ अंदाज येतो. वरच्या उदाहरणात एकूण १८५, वर्गमूळ १३.६, अंदाज ७.३, प्रत्यक्षात ६. म्हणजे एकूण सायटेशन माहीत असताना एच-इंडेक्स फारशी नवी माहिती देत नाही. निवड समितीत बसणाऱ्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावं.

३. मग जी-इंडेक्स आणि आय-टेन कशासाठी?

आय-टेन इंडेक्स गूगल स्कॉलर दाखवतं: दहा किंवा जास्त सायटेशन असलेले पेपर किती. वरच्या यादीत ४. जी-इंडेक्स लिओ एगे यांनी २००६मध्ये मांडला. वरच्या काही पेपरांच्या सायटेशनची बेरीज त्या पेपरसंख्येच्या वर्गाइतकी तरी हवी; अशी सर्वांत मोठी पेपरसंख्या म्हणजे जी-इंडेक्स. वरच्या यादीत नऊ पेपरांची बेरीज १८५, नऊचा वर्ग ८१, म्हणून जी ९. पेपरच नऊ असल्यामुळे तो तिथे थांबला. एकच पेपर फार गाजलेला असेल तर जी-इंडेक्समध्ये ते दिसतं, एच-इंडेक्समध्ये नाही.

४. गूगल स्कॉलरवर एक आकडा, स्कोपसवर दुसरा, मॅथसायनेटवर तिसराच. खरा कुठला?

तिन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण प्रत्येकाचं क्षेत्र वेगळं आहे. गूगल स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलमध्ये छापण्याआधीचे मसुदे), पुस्तकं, विद्यापीठांच्या संकेतस्थळांवरच्या पीडीएफ असं सगळंच गोळा करतं, म्हणून त्याचा आकडा सहसा सर्वांत मोठा. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स निवडक जर्नल आणि परिषदा धरतात. मॅथसायनेट, हा फक्त गणिताचा डेटाबेस, सर्वांत कडक: ते ठरावीक जर्नलांच्या संदर्भयाद्यांतूनच मोजतं. भौतिकशास्त्र, जीवशास्त्र किंवा समाजशास्त्राच्या जर्नलांतून आलेली सायटेशन तिथे बहुतांशी दिसणारच नाहीत. नेटवर्क सायन्समध्ये तर तीच जास्त असतात. उलट मॅथसायनेटची लेखक-ओळख फार भरवशाची, कारण त्यामागे माणसं काम करतात. त्याचं मूळ असलेलं मॅथेमॅटिकल रिव्ह्यूज १९४०पासून हे काम करत आहे. त्याहून जुनं, १९३१चं, त्सेंट्रालब्लाट हे तसंच जर्मन सूचीचं काम २०२१पासून झेडबीमॅथ ओपन या नावाने सर्वांना मोफत खुलं आहे. कॉलेजकडे मॅथसायनेटची वर्गणी नसेल तर तिथे शोधा.

आकडा लिहिताना स्रोत आणि तारीख दोन्ही लिहा. ती नसतील तर आकड्याला अर्थ नाही. दोन उमेदवारांची तुलना करताना दोघांचे आकडे एकाच स्रोतातून, एकाच दिवशी घ्या.

५. नेटवर्क सायन्सचे पेपर गणितात धरतात का?

काही धरतात, काही नाही. त्यामुळे एकाच संशोधकाची नोंद दोन ठिकाणी विभागली जाते. गणिताच्या विषय-वर्गीकरणात जटिल नेटवर्कसाठी ०५सी८२, यादृच्छिक आलेखांसाठी ०५सी८०, आलेखांच्या आयगेनमूल्यांसाठी ०५सी५० आणि सामाजिक नेटवर्कसाठी ९१डी३० हे संकेत आहेत. प्रमेय आणि सिद्धता असलेला पेपर इथे सहज बसतो. तेच काम सिम्युलेशन आणि प्रत्यक्ष डेटावर उभं असेल, फिजिकल रिव्ह्यू ई किंवा फिजिका ए मध्ये आलं असेल, तर गणिताच्या डेटाबेसमध्ये ते सापडेलच असं नाही. अर्काइव्ह या प्रीप्रिंटच्या संकेतस्थळावरही हीच फूट दिसते, पेपर मॅथ.सीओ, मॅथ.पीआर, सीएस.एसआय आणि फिजिक्स.सॉक-पीएच अशा शाखांत विखुरतात. एकाहून अधिक शाखांत बसत असेल तर क्रॉस-लिस्ट करा, म्हणजे त्या सगळ्या शाखांत नोंदवा. वाचक वाढतात आणि नियमांतही ते बसतं.

६. गणितवाल्यांचे आकडे इतके लहान का असतात?

संदर्भयाद्या छोट्या, पेपर कमी, सहलेखक कमी, आणि पेपर वाचला जाऊन पुढच्या सिद्धतेत वापरला जायला वर्षं लागतात. इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलच्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा) मात्र मागच्या दोनच वर्षांतल्या पेपरांकडे पाहतो. आंतरराष्ट्रीय गणित संघटना आणि तिच्या दोन सहयोगी संस्थांनी २००८मध्ये काढलेल्या अहवालात दाखवलं होतं की गणिताच्या जर्नलांना मिळणारी सुमारे ९० टक्के सायटेशन या दोन वर्षांच्या खिडकीबाहेर पडतात. नव्वद टक्के पुरावा बाजूला ठेवून काढलेल्या आकड्यावर माणसाची बढती ठरवणं चूक आहे, हे आम्ही स्पष्टपणे सांगतो.

म्हणून एकाच विभागात आलेख सिद्धांताच्या प्राध्यापकाचा एच-इंडेक्स ९ आणि नेटवर्क सायन्सच्या प्राध्यापकाचा २२ असेल, तर त्यावरून काहीच ठरत नाही.

७. १९९८ आणि १९९९च्या त्या दोन पेपरांना एवढी सायटेशन कशी?

डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांचा छोट्या जगाबद्दलचा (नेटवर्कमधले कुणीही दोघे थोड्याच पायऱ्यांत जोडलेले असतात) पेपर १९९८मध्ये नेचरमध्ये आला, फक्त तीन पानांचा. आल्बर्ट-लास्लो बाराबाशी आणि रेका आल्बर्ट यांचा, ज्याला आधीच जास्त जोडण्या त्यालाच नव्या मिळतात हे मांडणारा, १९९९मध्ये सायन्समध्ये, चार पानांचा. दोन्हींची सायटेशन आज हजारो-हजारोंत आहेत. पहिलं कारण म्हणजे दोन्ही मॉडेल दहा ओळींच्या प्रोग्रॅममध्ये बसतात आणि मेंदूपासून वीजजाळ्यापर्यंत कुठेही लावून पाहता येतात. दुसरं कारण म्हणजे ज्याला आधीच सायटेशन आहेत त्याला आणखी मिळतात. प्रस्तावनेच्या पहिल्या परिच्छेदात ते दोन संदर्भ टाकायचा रिवाजच पडला. ही वाढीव लाभाची प्रक्रिया प्राइस यांनी १९७६मध्ये सायटेशनसाठीच गणिताने मांडली होती. तुमच्या पेपरला अशी सायटेशन मिळाली नाहीत यावरून त्याच्या दर्जाबद्दल काही सिद्ध होत नाही.

८. यादृच्छिक आलेखासाठी एर्डोश-रेनी लिहायचं की गिल्बर्ट? प्रेफरेन्शियल अटॅचमेंटसाठी (प्रश्न ७मधली वाढीव लाभाची प्रक्रिया) बाराबाशी की प्राइस?

तुम्ही कोणतं मॉडेल वापरलं ते बघा. प्रत्येक कडा स्वतंत्रपणे ठरावीक संभाव्यतेने घातली असेल, तर ते मॉडेल १९५९मध्ये एडगर गिल्बर्ट यांनी दिलं. एर्डोश आणि रेनी यांनी कडांची संख्या ठरवून त्यातून यादृच्छिक आलेख निवडला. रूढ भाषेत दोन्हींना एर्डोश-रेनी म्हणतात, त्यामुळे गिल्बर्ट यांच्या वाट्याची सायटेशन त्यांना मिळत नाहीत. दोघांचाही संदर्भ देणं योग्य.

एर्डोश-रेनींचे दोन पेपर लोक हमखास एकमेकांत मिसळतात. १९५९चा डेब्रेत्सेनच्या जर्नलमध्ये, पानं २९० ते २९७. आलेखांच्या उत्क्रांतीबद्दलचा, जायंट कंपोनंट (शिरोबिंदूंचा मोठा हिस्सा सामावणारा एकसंध तुकडा) जिथे येतो तो, १९६०चा, हंगेरियन अकादमीच्या गणित संस्थेच्या प्रकाशनात, खंड ५, पानं १७ ते ६१. एकाचं शीर्षक आणि दुसऱ्याचं वर्ष अशी नोंद केली की सॉफ्टवेअर ती कुठे जोडेल सांगता येत नाही.

प्रेफरेन्शियल अटॅचमेंटबाबत: दिशा असलेलं नेटवर्क असेल तर प्राइस, दिशा नसलेलं असेल तर बाराबाशी-आल्बर्ट. इतिहास सांगत असाल तर युल १९२५ आणि सायमन १९५५ यांनाही जागा द्या.

९. अर्काइव्ह आणि जर्नल असे दोन पेपर वेगळे दिसतात. सायटेशन विभागली गेली आहेत. काय करू?

आधी मुळाशी दुरुस्ती करा. अर्काइव्हवर लॉगिन करून त्या पेपरच्या नोंदीत जर्नलचा तपशील आणि डीओआय (पेपरचा कायमचा ओळख-क्रमांक) भरा. यासाठी नवी आवृत्ती चढवावी लागत नाही. शीर्षक बदललं असेल तर हे अधिकच गरजेचं, कारण शीर्षक वेगळं असलं की सॉफ्टवेअर दोन पेपर समजतं. २०२२पासून अर्काइव्ह स्वतःचाही डीओआय देतं, त्याची सुरुवात १०.४८५५०ने होते. तो जर्नलच्या डीओआयच्या जागी भरू नका, ही चूक फार होते.

मग गूगल स्कॉलर प्रोफाइलमध्ये दोन्ही नोंदींवर खूण करा, वर येणारं मर्ज बटण दाबा आणि जर्नलची नोंद मुख्य म्हणून निवडा. सायटेशनशेजारी तारांकन दिसलं तर घाबरू नका, एकत्र केलेल्या नोंदी वेगळ्या असू शकतात एवढंच त्यातून कळतं. एकत्रीकरणाने एकूण आकडा थोडा घटू शकतो, कारण ज्याने दोन्ही आवृत्त्या साइट केल्या त्याचं आता एकच धरलं जातं. एच-इंडेक्स मात्र वाढूही शकतो: प्रश्न २च्या यादीत ६ आणि ३ या एकाच पेपरच्या दोन आवृत्त्या असतील, तर एकत्र करून ९ होतात आणि एच-इंडेक्स ६वरून ७ वर जातो.

१०. परिषदेतला छोटा पेपर आणि जर्नलमधला पूर्ण पेपर हेही एकत्र करायचे का?

नाही. ही दोन वेगळी प्रकाशनं आहेत. नरेंद्र करमरकर यांची रेषीय प्रोग्रॅमिंगची पद्धत १९८४मध्ये आधी एसटीओसी या संगणकशास्त्राच्या परिषदेत आली आणि त्याच वर्षी कॉम्बिनेटोरिका जर्नलमध्ये. लोक दोन्हींपैकी एक साइट करतात आणि सायटेशन विभागतात. ते तसंच राहू द्यावं. बायोडेटात दोन्ही लिहा, पण दुसऱ्यापुढे ‘आधीच्या परिषद-पेपरची पूर्ण आवृत्ती’ असं स्पष्ट नमूद करा. तसं न करता दोन स्वतंत्र पेपर म्हणून गुण मागितले तर छाननीत आक्षेप येतो, आणि तो रास्त असतो.

११. लग्नानंतर नाव बदललं. मधलं नाव कधी असतं, कधी नसतं. सगळं एकत्र कसं आणू?

मराठी नावांत हा घोळ अधिक, कारण लग्नानंतर आडनावाबरोबर मधलं नावही बदलतं, म्हणजे दोन आद्याक्षरांपैकी एक आणि आडनाव असं दोन्ही. शिवाय एकाच आडनावाची रोमन स्पेलिंग दोन-तीन असतात.

उपाय तीन पायऱ्यांचा. पहिलं, ऑर्किड घ्या. तो संशोधकाची ओळख पटवणारा, मोफत मिळणारा सोळा अंकी क्रमांक आहे, चार-चारच्या चार गटांत, आणि शेवटच्या जागी अंकाऐवजी एक्स हे अक्षरही असू शकतं (तो तपासणी-अंक आहे, छापील चूक नव्हे). त्यातल्या ‘या नावानेही ओळख’ या रकान्यात जुनी सगळी नावं भरा. दुसरं, यापुढे प्रत्येक पेपर पाठवताना ऑर्किड जोडा आणि नावाचं एकच रूप कायम ठेवा, अगदी पूर्णविराम आणि आद्याक्षरांसकट. तिसरं, स्कोपसवर आपल्या नावाच्या दोन-तीन लेखक-नोंदी शोधून त्या एकत्र करण्याची विनंती पाठवा. ऑर्किड भरला म्हणून जुन्या नोंदी आपोआप जुळत नाहीत. भारतातल्या संस्थांसाठी इन्फ्लिबनेटचं विद्वान प्रोफाइलही आहे. ऑर्किड तिथेही जोडा.

नावसाधर्म्य घरातही असतं. शरदचंद्र श्रीखंडे आणि त्यांचे पुत्र मोहन श्रीखंडे, दोघेही कॉम्बिनेटोरियल डिझाइनचे अभ्यासक. एस. एस. श्रीखंडे आणि एम. एस. श्रीखंडे यांत एका अक्षराचा फरक. संदर्भ देताना आद्याक्षरं गाळू नका.

१२. माझ्या प्रोफाइलमध्ये कुणा दुसऱ्याचेच पेपर आले आहेत.

गूगल स्कॉलरने ते आपोआप जोडले. नोंदींवर खूण करून डिलीट करा. मग सेटिंगमध्ये जाऊन ‘आपोआप बदल करा’ऐवजी ‘आधी ईमेलने विचारा’ हा पर्याय निवडा. जोशी, कुलकर्णी, पाटील, शिंदे अशी आडनावं असलेल्यांनी हे पहिल्याच दिवशी करावं. परके पेपर ठेवून दिसणारा एच-इंडेक्स मुलाखतीत दोन मिनिटांत उघडा पडतो.

१३. लेखकांच्या क्रमाचा अर्थ काय लावायचा?

गणितात क्रम आडनावाच्या अकारविल्हेचा, म्हणजे रोमन वर्णमालेचा. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या २००४च्या निवेदनात हे स्पष्ट म्हटलं आहे: बहुतेक शाखांत संयुक्त काम वाटून मोजता येत नाही, म्हणून क्रमाने कमी-जास्त दाखवत नाहीत. एर्डोश-रेनी हा तसाच क्रम. नेटवर्क सायन्समध्ये भौतिकशास्त्राची चाल जास्त: वॉट्स हे विद्यार्थी, स्ट्रोगॅट्झ गाइड, आणि विद्यार्थ्याचं नाव आधी, वर्णमालेच्या उलट. समुदाय शोधण्याची लूव्हॅन पद्धत मात्र ब्लोंडेल, गियोम, लांबियोत, लफेव्र अशी वर्णमालेने लिहिली आहे. एकाच माणसाच्या यादीत दोन्ही प्रकार सापडतील. म्हणून प्रत्येक पेपरखाली एका ओळीत ‘लेखक वर्णक्रमाने’ असं लिहावं.

१४. मग यूजीसीच्या गुणांत माझं नाव शेवटी असेल तर?

इथे खरोखर नुकसान होतं. २०१८च्या नियमावलीनुसार दोन लेखक असतील तर प्रत्येकाला पेपरच्या गुणांच्या ७० टक्के. दोनपेक्षा जास्त असतील तर पहिल्या, मुख्य किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि इतर प्रत्येक सहलेखकाला ३० टक्के. विज्ञान शाखेतल्या ८ गुणांच्या पेपरवर याचा अर्थ ५.६ किंवा २.४. वर्णमालेचा क्रम असलेल्या तीन लेखकांच्या पेपरात आपटे यांना ५.६ आणि वैद्य यांना २.४ मिळतात, काम सारखंच असलं तरी.

उपाय पेपर पाठवण्याआधीच करायचा: पत्रव्यवहार करणारा लेखक कोण हे आपसांत ठरवा आणि छापील पेपरात ते दिसेल असं पाहा. नंतर सहलेखकाचं पत्र आणून समितीला पटवणं कठीण जातं. सोबत प्रश्न १३मधल्या निवेदनाची प्रत जोडा.

१५. माझ्या नावाने प्रमेय ओळखलं जातं, पण सायटेशन नाहीत. असं कसं?

कल्पना इतकी रुळते की मूळ पेपर द्यायची गरज कुणाला वाटत नाही. श्रीखंडे आलेख हे उत्तम उदाहरण. १६ शिरोबिंदू, ४८ कडा, प्रत्येक शिरोबिंदूला ६ शेजारी. बुद्धिबळातल्या हत्तीच्या ४×४ आलेखाशी सगळे आकडे जुळतात, तरी आलेख वेगळा. नागपूर आणि मुंबईत शिकवलेल्या शरदचंद्र श्रीखंडे यांनी तो १९५९मध्ये संख्याशास्त्राच्या एका अमेरिकी जर्नलमध्ये दिला. आज तो पाठ्यपुस्तकांत आणि सॉफ्टवेअरमध्ये नावानिशी आहे, आणि कितीतरी लेखक नुसतं नाव लिहून पुढे जातात. प्रश्न १ आठवा: संदर्भयादीत नाही, म्हणजे मोजणीत नाही. अशा वेळी बायोडेटात ‘नावाने प्रचलित’ असा वेगळा परिच्छेद करून तीन-चार ठिकाणं दाखवावीत.

१६. स्वतःचेच पेपर साइट करणं चूक आहे का?

आधीच्या लेम्मावर (छोट्या सहायक प्रमेयावर) पुढचा पेपर उभा असेल तर ते द्यावंच लागतं. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स स्वतःची सायटेशन वगळून आकडा दाखवू शकतात, गूगल स्कॉलर नाही. दोन्ही आकडे शेजारी लिहा, शंकेला जागा उरत नाही.

१७. डेटा किंवा सॉफ्टवेअर वापरलं तर काय साइट करायचं?

त्याचा मूळ पेपर. नेटवर्कएक्स या सॉफ्टवेअरसाठी हॅगबर्ग, शुल्ट आणि स्वार्ट यांचा २००८चा सायपाय परिषदेतला, आयग्राफ या सॉफ्टवेअरसाठी चार्दी आणि नेपुश यांचा २००६चा. नुसता संकेतस्थळाचा पत्ता दिला तर त्यांच्या नोंदीत काहीच जात नाही. ३४ सभासदांच्या कराटे क्लबचं नेटवर्क वेन झॅकरी यांच्या १९७७च्या मानवशास्त्राच्या पेपरातलं आहे. गर्व्हन आणि न्यूमन यांनी २००२मध्ये ते वापरल्यावर पाव शतक जुन्या त्या पेपरची सायटेशन चढू लागली. तुमचा डेटा स्वच्छ आणि खुला ठेवण्याचं हेही एक कारण.

१८. जर्नल खरं की बनावट हे कसं ओळखू? केअर यादी तर बंद झाली.

यूजीसीने फेब्रुवारी २०२५मध्ये मान्य जर्नलांची केअर यादी बंद करून जर्नलांची निवड संस्थांवर सोपवली. गणितासाठी आमची तपासणी अशी: जर्नलचा गेल्या वर्षीचा एखादा पेपर झेडबीमॅथ ओपनवर सापडतो का? डीओआय उघडल्यावर त्याच पेपरपाशी नेतो का? संपादक मंडळातल्या दोघांच्या विद्यापीठाच्या पानावर त्या जर्नलचा उल्लेख आहे का? नावात एखादाच शब्द बदलून जुन्या जर्नलची नक्कल केलेली असते, म्हणून आयएसएसएन हा जर्नलचा ओळख-क्रमांक अधिकृत पोर्टलवर ताडून पाहा. तीन दिवसांत स्वीकृती कळवणारं गणिताचं जर्नल टाळाच. तेवढ्या वेळात सिद्धता तपासून होत नाही.

नेटवर्क सायन्ससाठी खास जर्नलं कमी, पण आहेत: सोशल नेटवर्क्स, केंब्रिजचं नेटवर्क सायन्स आणि ऑक्सफर्डचं जर्नल ऑफ कॉम्प्लेक्स नेटवर्क्स (दोन्ही २०१३पासून), अप्लाइड नेटवर्क सायन्स.

१९. अमुक पेपरात मला साइट केलंय, पण स्कोपसमध्ये दिसत नाही.

आधी तो पेपर स्कोपसमध्ये आहे का पाहा. नसेल तर तक्रार करून उपयोग नाही. असेल तर त्याची संदर्भयादी उघडा. तुमची नोंद असूनही जोडलेली नसेल, तर दोन्ही पेपरांचे डीओआय आणि संदर्भाचा क्रमांक देऊन दुरुस्तीची विनंती करा. मूळ पेपरातच चुकीचं वर्ष छापलं असेल तरी जोडणी करून मिळते, पुरावा नीट द्यावा.

२०. ‘सर्वाधिक साइट झालेले संशोधक’ या यादीतून २०२३मध्ये गणित वगळलं गेलं, ते का?

ही यादी काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने २०२३च्या यादीतून गणित हा विभाग वगळला. क्षेत्र लहान, सायटेशन कमी, त्यामुळे आपसांत साइट करून मोजक्या लोकांना वर आणणं सोपं होतं, आणि तसे प्रकार वाढले होते. ‘तुम्ही आमचे दोन साइट करा, आम्ही तुमचे’ असे ईमेल आले तर उत्तर देऊ नका. प्रामाणिक संशोधकांच्या नोंदीवरही त्याने शंका ओढवते.

२१. माझ्या निष्कर्षावर टीका करणाऱ्या पेपरचं सायटेशनही मोजतात?

हो, सारखंच. पॉवर-लॉ शेपटीची नेटवर्कं (मोजक्या शिरोबिंदूंना प्रचंड जोडण्या असलेली) खरोखर किती आढळतात यावर ब्रॉयडो आणि क्लॉसेट यांचा २०१९चा पेपर आला. त्यानंतर वादात दोन्ही बाजूंची सायटेशन वाढली. मुलाखतीत अशा पेपरबद्दल स्वतःहून सांगा, आणि २००९मध्ये क्लॉसेट, शालिझी आणि न्यूमन यांनी दिलेली सांख्यिकी चाचणी तुम्ही लावली होती का, तेही.

२२. एर्डोश क्रमांक बायोडेटात लिहावा का?

नको. एर्डोश क्रमांक म्हणजे सहलेखकांच्या साखळीतून पॉल एर्डोश यांच्यापर्यंत पोचायला लागणाऱ्या पायऱ्या. मॅथसायनेटचं हे अंतर मोजायचं साधन मोफत आहे, हौसेने पाहा. पण पाचशेच्या वर सहलेखक असलेल्या माणसापासूनचं अंतर तुमच्या कामाबद्दल फार काही सांगत नाही. सहकार्याचं मोजमाप हवं असेल तर न्यूमन यांनी २००१मध्ये सुचवलेलं वजन घ्या: प्रत्येक संयुक्त पेपरसाठी, लेखकसंख्येतून एक वजा करून, त्याचा व्यस्तांक. दोन लेखकांचा पेपर जोडीला १ देतो, पाच लेखकांचा पाव.

२३. एच-इंडेक्स कमी होऊ शकतो का?

व्याख्येनुसार नाही, डेटाबेसमध्ये होतो. गूगल स्कॉलर दुहेरी नोंदी काढतं, एखाद्या संकेतस्थळावरच्या पीडीएफ नाहीशा होतात, चुकून जोडलेलं सायटेशन सुटतं. दोन-तीनने आकडा खाली आला तर ते बहुतेक यामुळेच. अर्ज करण्याच्या दिवशी पानाची पीडीएफ जपून ठेवा. नोंदी सीएसव्हीत उतरवून घेतल्या तर नेमकी कोणती गळली तेही कळतं.

२४. सहलेखकाचं निधन झालं. अपूर्ण पेपर त्यांच्या नावासह पाठवता येतो का?

येतो. पॉल एर्डोश सप्टेंबर १९९६मध्ये गेले, त्यानंतरही वर्षानुवर्षं त्यांच्या नावाचे संयुक्त पेपर छापले जात होते. अट एवढीच की त्यांचं योगदान खरं असावं: पत्रं, टिपणं, फळ्यावरच्या चर्चेच्या नोंदी जपून ठेवा. पाठवतानाच संपादकांना कळवा, कुटुंबीयांची संमती घ्या आणि नावाला तळटीप जोडा. दिवंगत व्यक्तीसाठी दुसऱ्याला ऑर्किड काढता येत नाही, त्यामुळे तो रकाना रिकामा सोडा. जर्नलच्या प्रणालीत तो सक्तीचा असेल तर संपादकीय कार्यालयाला लिहा, ते हाताने नोंद करून देतात. त्यांचा आधीचा ऑर्किड असेल तर तोच टाका, नवा पेपर जुन्या नोंदीशेजारी येऊन बसेल.